पोपटी पाण्याचा साक्षीदार

चनबसप्पा मास्तरांच्या घरात पाण्याला नुसतं पाणी म्हणायची पद्धत नव्हती. सकाळी मी जिना उतरून खाली गेलो की ते उंबऱ्यातूनच सांगत, "आज पानहिरवं हाय." दुसऱ्या दिवशी, "कालच्यापेक्षा अर्धी शेड उतरलं. पोपटीवर आलंय." एकदा पावसाळ्यात त्यांनी मला भर रस्त्यात अडवलं. सायकलवरून न उतरता एक पाय जमिनीला टेकवला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "लिंबू झालंय. कुणाला बोलू नका." मी हे घरी सांगितलं. माझ्या बायकोला वाटलं, खाली कुणीतरी अत्यवस्थ आहे. ती डोक्यावरून पदर घेऊन तातडीने शांतक्कांच्या समाचाराला गेली. शांतक्का म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्या उखळात शेंगाची चटणी कुटत होत्या. दोघी बराच वेळ एकमेकींचं सांत्वन करत राहिल्या आणि कोण गेलं हे कुणालाच कळेना.

लिंबू झालं होतं ते टाकीतलं पाणी. टाकी माशांची होती.

मास्तर शाळेतले नव्हेत. आमच्या भवानी पेठेजवळच्या एका गिरणीत ते रंगखात्याचे मुख्य होते. उंच, कोरडे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि नखांच्या कडेला कायम कुठला ना कुठला रंग. त्यांच्या नखांवरून गिरणीत कोणत्या चादरींचा लॉट चालू आहे ते सगळ्या गल्लीला कळायचं. कोपऱ्यावरचा पानवाला चुना लावता लावता सांगायचा, "या आठवड्यात मरून चाललंय." मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, आणि महापालिकेत जन्म-मृत्यू नोंदीच्या टेबलावर कारकून होतो. माझ्या कामाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या पापाचं मूळ त्यात आहे. समोरचा माणूस जे सांगेल ते खरं मानायचं, लिहायचं आणि खाली सही करायची. मुलाचं नाव 'इंजिनियर' सांगितलं तर इंजिनियर. मृत्यूचं कारण 'कंटाळा' सांगितलं तर कंटाळा. मी हे बारा वर्षं केलं होतं. कुणाला 'नाही, असं नाही' म्हणायची माझ्या जिभेला सवयच उरली नव्हती.

या माणसाबद्दल मी अनेकांना गमतीने सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. पण सव्वा वर्ष मी त्यांच्याशी रोज सकाळी, त्यांच्या घरात बसून, त्यांचा चहा पिऊन खोटं बोललो, ही गोष्ट मी सांगताना गाळतो. आज गाळणार नाही.

टाकी आली ती गिरणीच्या मॅनेजरसाहेबांमुळे. ते बदलून गेले तेव्हा बंगल्यातली काचेची टाकी आणि त्यातले चार एंजल मासे त्यांनी मास्तरांच्या हवाली केले. मासे चपटे, बंद्या रुपयाएवढे, अंगावर काळे उभे पट्टे. टाकी हातगाडीवरून आली. मागून मास्तर माशांची बादली हातात धरून, वर ओलं फडकं टाकून, लग्नाच्या वरातीत कलश धरावा तसे चालत होते. लिंगायताच्या घरात मासे शिरताना सगळ्या गल्लीने पाहिलं. बातमी अक्कलकोटला शांतक्कांच्या माहेरी पोचायला एक दिवससुद्धा लागला नाही. दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने त्यांचे थोरले भाऊ आले. ओट्यावर बसले. पाण्याचा तांब्या पुढे केला तर तोंड फिरवलं. मास्तरांनी त्यांना दंडाला धरून आत नेलं आणि टाकीसमोर उभं केलं.

"खायाला न्हाय. बगायला," मास्तर म्हणाले.

"बगून काय हुतंय?"

"तुमी बाजारात बैल बगत तासभर हुबं ऱ्हाता, तवा काय हुतंय?"

भाऊ दोन तास बघत बसले. मग जेवले. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक पोस्टकार्डात शेवटची ओळ एकच असायची : चौघे कसे आहेत.

साहेबांनी जाताना मास्तरांना एकच गोष्ट बजावली होती, पाणी सांभाळा, मासे आपोआप सांभाळले जातील. मास्तरांना एवढंच हवं होतं. आयुष्यभर रंगाचं पाणी सांभाळलेला माणूस. आता ऐकतो की मुंबईला माशांच्या दुकानात पाणी तपासायच्या परदेशी बनावटीच्या तयार पेट्या मिळतात. त्या वेळी सोलापुरात असलं काही असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. मास्तरांनी स्वतःची पेटी केली. गिरणीच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टकडून काचेची एक नळी आणि थेंबांची एक तपकिरी बाटली मागून आणली. टाकीतलं पाणी नळीत घ्यायचं, चार थेंब टाकायचे, हलवायचं. पाणी आंबटाकडे झुकलेलं असेल तर पिवळं होतं, खारवट असेल तर निळं, मधलं असेल तर हिरवं. बाटलीबरोबर रंग जुळवून बघायला छापील कागद होता. मास्तरांनी तो पहिल्याच दिवशी नाकारला. "छापलेला रंग म्हंजे भिंतीवर काढलेलं जेवण," ते म्हणाले.

मग तीन रविवार खपून त्यांनी सूत रंगवलं. अकरा लडी, अकरा रंग. लिंबू, हळदी, कोवळा पोपटी, पोपटी, पानहिरवा, असं करत मोरपंखीवरून गडद निळ्यापर्यंत. त्या एका लाकडी पट्टीवर ओळीने बांधल्या. एंजल माशांना पोपटी पाणी मानवतं, असं साहेबांनी सांगितलेलं. म्हणजे साहेबांनी इंग्रजीत काहीतरी आकडा सांगितला होता, मास्तरांनी तो पोपटी म्हणून लक्षात ठेवला. पाणी निळ्याकडे सरकलं तर देशी बदामाची वाळलेली पानं भिजवून त्याचं तांबूस पाणी टाकीत घालायचं. पिवळ्याकडे गेलं तर आडाचं जड पाणी घालायचं. एवढं सगळं आखलेलं.

आता तपासणीचे नियम. उजेड उत्तरेचाच पाहिजे. रंगखात्यात शेड जुळवतात ती उत्तरेच्या खिडकीत, कारण तिथला उजेड दिवसभर चंचल होत नाही. म्हणून टाकी उत्तरेच्या खिडकीशी. वेळ सकाळची, गिरणीचा दुसरा भोंगा व्हायच्या आत. नळीच्या मागे पांढरी बशी. आणि बघणाऱ्याच्या अंगावर रंगीत कपडा चालणार नाही, त्याची झाक काचेत पडते. पहिल्या दिवशी मी हिरवा चौकड्याचा शर्ट घालून खाली गेलो होतो. मास्तरांनी मला दारातच थांबवलं. "तुमी पाणी बगायला आलाय का पाण्याला रंगवायला?" मी वर जाऊन पांढरा सदरा घालून आलो. तेव्हापासून सकाळी पांढरं घालायची सवय लागली, आणि माझ्या ऑफिसात लोक मला काही दिवस निवडणुकीला उभा राहणार समजत होते.

मी तिथे कशाला, असं कुणी विचारेल. रंगखात्यात जुना दंडक होता. कुठलीही शेड एकट्याच्या नजरेवर पास होत नाही. मास्तर बघतात, मग दुसरा माणूस बघतो. त्याला 'दुसरा डोळा' म्हणतात. मास्तरांनी हा दंडक घरी आणला आणि दुसरा डोळा म्हणून मला नेमलं. "नाव क्षीरसागर," ते म्हणाले, "अन् पाण्यातलं कायबी कळत न्हाय. असलाच माणूस पायजे. कोरा डोळा." बोलताना ते मधूनच कानडीत जात, आणि टाकीकडे बोट करून त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणत, "नीरु सुळ्ळ हेळंगिल्ल." पाणी खोटं सांगत नाही.

त्याच घरात पाण्याची आणखी एक प्रयोगशाळा होती. ती स्वयंपाकघरात होती आणि शांतक्कांची होती. त्यांचा थेंबांवर विश्वास नव्हता. टाकीत घालायच्या बादलीतलं पाणी त्या आधी एका छोट्या पातेल्यात घ्यायच्या आणि त्यात मूठभर तुरीची डाळ टाकून चुलीवर चढवायच्या. डाळ लवकर फुटून मऊ झाली तर पाणी हलकं, मासे जगतील. डाळ टणटणीत राहिली तर पाणी जड. त्यांचं मराठी कानडीच्या वळणाने चालायचं. "डाळ शिजलं," किंवा "डाळ शिजलं न्हाई," एवढाच त्यांचा अहवाल. मास्तर म्हणायचे, डाळीत पोपटी दिसतंय का? शांतक्का म्हणायच्या, तुमच्या नळीत आमटी होतंय का?

खरं सांगायचं तर डाळ क्वचितच चुकायची. पण तिला पाऊण तास लागायचा, आणि भोंगा कुणासाठी थांबत नाही. शिवाय तीस वर्षं रंगमास्तर असलेल्या माणसाने डाळीपुढे हार कशी मानायची? म्हणून सकाळी नळीचा निकाल लागायचा, दुपारी डाळीचा, आणि संध्याकाळी दोघांचं जमायचं नाही.

पहिले काही महिने सगळं सुरळीत होतं. मास्तर म्हणत पोपटी, मला पोपटी दिसे. मास्तर म्हणत पानहिरवं, मला पानहिरवं दिसे. मला या रोजच्या दहा मिनिटांचा अभिमानही वाटू लागला. ऑफिसात मी सह्या करायचो त्या मेलेल्यांच्या, इथे जिवंतांच्या.

मग एका सकाळी, दिवाळी आठ-दहा दिवसांवर आलेली असताना, मास्तरांनी नळी खिडकीत धरली, लडीच्या पट्टीजवळ नेली, मागेपुढे केली आणि म्हणाले, "पोपटी."

पाणी पोपटी नव्हतं. निळं होतं. गडद नव्हे, पण शेंबड्या पोरानेही निळं म्हटलं असतं असं निळं.

मी बघत राहिलो. मला वाटलं, माझीच चूक होत असेल. रंगमास्तर ते, मी जन्म-मृत्यूवाला. वाटलं, उद्या ते स्वतःच सुधारतील. वाटलं, आज सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल, आणि चहा येतोच आहे. हे सगळं मनात चाललं असताना माझं तोंड आपल्या सवयीने उघडलं आणि म्हणालं, "पोपटीच."

दुसऱ्या दिवशीही निळं. मी आदल्या दिवशी पोपटी म्हटलेलं, आज निळं कसं म्हणणार? तिसऱ्या दिवशी तर कालपरवा दोन्ही दिवस पोपटी म्हटलेलं. खोटं असं वाढतं हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, पण ते इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. त्याला काही करावंच लागत नाही. फक्त रोज सकाळी खाली जायचं.

काही दिवस पोपटी खरंच पोपटी असे, तेव्हा मला हायसं वाटे. पण निळे दिवस वाढत गेले. मधूनच मास्तर नियम बदलायला बघायचे. म्हणायचे, "आज तुमी आदी सांगा." मी म्हणायचो, छे, तुमच्या आधी मी कसा बोलू. ते म्हणायचे, बोला की ओ. मी म्हणायचो, तुम्ही बोला, मग मी. असं बराच वेळ चालायचं, भोंगा व्हायची वेळ यायची आणि शेवटी ते कंटाळून म्हणायचे, "पोपटी?" त्यात जरासा प्रश्न असायचा. मी तो प्रश्न ऐकायचो नाही. मी म्हणायचो, "पोपटीच."

एकदा तर कहर झाला. मास्तर नळीकडे बघत म्हणाले, "आज जरा गुलाबी वाटतंय न्हवं?" मी नळीकडे बघितलं. मला कुठलाच रंग दिसेना. मी म्हणालो, "किंचित आहे खरं. झाक आहे."

मास्तरांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि नळी धुवायला आत गेले.

इकडे शांतक्कांची डाळ शिजेना. त्या दुपारी पातेलं ओट्यावर आणून मला दाखवायच्या, आत डाळीचे दाणे बंदुकीच्या छऱ्यांसारखे. टाकीतले मासेही सुस्तावले होते. पंख मिटून एका कोपऱ्यात, वर तोंड करून तरंगत राहायचे. एका सकाळी शांतक्का तपासणीच्या वेळीच येऊन उभ्या राहिल्या. मास्तर त्यांना म्हणाले, दोन डोळ्यांनी पास झालेलं पाणी आहे, डाळ बदल. शांतक्कांनी माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊ, तुमी बगितलं?"

"बघितलं."

"पोपटी हाय?"

मास्तर बघत होते. मी म्हणालो, आहे.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या चहात साखर नसायची. मास्तरांच्या कपात असायची. मी तो बिनसाखरेचा चहा कधी परत केला नाही. मला तो योग्य वाटायचा.

अशीच आणखी एक दिवाळी गेली. पुढच्या फेब्रुवारीत चारांतला एक मासा मेला. मास्तरांनी तो परसात मोगऱ्याच्या आळ्यात पुरला. अक्कलकोटच्या भावांना काय कळवायचं हा प्रश्न पडला. अखेर मास्तरांनी पत्रात लिहिलं, तिघे बरे आहेत. उलट टपाली सांत्वनाचं कार्ड आलं.

त्याच आठवड्यात मास्तर संध्याकाळी ओट्यावर बसून मला गिरणीतलं सांगत होते. कुठल्याशा मोठ्या व्यापाऱ्याची चादरींची मागणी आली होती, त्यात नवा रंग होता. नेहमीचे रंग असले की वही बघून मापं टाकायची, किती रंग, किती मीठ, किती वेळ. तीस वर्षांची वही होती त्यांच्याकडे, ती डोळे मिटूनही चालली असती. पण हा रंग वहीत नव्हता. व्यापाऱ्याने चिंधीएवढा नमुना पाठवला होता, त्याच्याशी नजरेने जुळवायचं होतं. निळा आणि हिरवा यांच्या मधला. सोमवारी पहिला लॉट निघणार होता आणि मास्तरांच्या शब्दावर तो पास व्हायचा होता.

"अन् दुसरा डोळा?" मी विचारलं.

"हाय की. असिस्टंट. भला माणूस हाय," मास्तर म्हणाले. मग नखाच्या कडेचा रंग खरवडत म्हणाले, "माझ्या म्होरं बोलत न्हाय."

मी त्या रात्री जेवलो नाही. बायकोने विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला तो माणूस तुमच्या नजरेसमोर गिरणीतून काढलेला बघायचा आहे का? लॉट बिघडला तर तीस वर्षं कुणी मोजत नाही. मी म्हणालो, पण आता कसं सांगू, सव्वा वर्ष झालं. ती म्हणाली, सव्वा वर्ष झालं म्हणून दोन वर्षं होऊ देणार का. हे असं साधं बोलणं मला माझं मला सुचत नाही.

रविवारी सकाळी पांढरा सदरा घालून मी खाली गेलो. जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. त्या दिवशी मला त्या खूप कमी वाटल्या. मास्तरांनी थेंब टाकले, नळी हलवली, खिडकीत धरली. पाणी निळं होतं.

"पोपटी?" ते म्हणाले.

"मास्तर," मी म्हणालो, "हे निळं आहे."

बाहेर मागांची खटखट चालू होती. मास्तरांनी नळी खाली केली नाही.

"कवापासनं?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"मागल्या दिवाळीच्या?"

मी पांढऱ्या बशीकडे बघत राहिलो.

"का त्याच्या मागल्या?"

"त्याच्या मागल्या."

मला वाटलं होतं, ते ओरडतील. रंगखात्यात त्यांच्या ओरडण्याने वाफेच्या नळ्या गळतात असं लोक म्हणायचे. मास्तरांनी नळी नीट लाकडी स्टँडवर ठेवली, बाकावर बसले आणि हाताने मला बसायची खूण केली. चेहरा असा झाला होता, जणू खूप दिवस उंबऱ्यात ताटकळलेल्या माणसाला कुणीतरी शेवटी आत बोलावलं.

ते जे बोलले त्यातलं बरंचसं मी माझ्या शब्दांत सांगतो. डोळ्यांपुढे धुकं आलंय हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं. हिरव्यानिळ्यातलं अंतर हळूहळू मिटत चाललं होतं. पण किती मिटलं, आठ आणे की बारा आणे, हे कळेना. गिरणीच्या डॉक्टरला विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत गिरणीत बोभाटा झाला असता. शांतक्कांना सांगितलं असतं तर त्यांनी धसका घेतला असता. रंगखात्यात विचारण्यासारखा एक माणूस पूर्वी होता. तो तोंडावर 'मास्तर, चुकलं' म्हणायचा. दहा वर्षांपूर्वी मास्तरांनी त्याला याच कारणासाठी दुसऱ्या खात्यात घालवला होता. तेव्हापासून रंगखात्यात मास्तरांचं काहीच चुकलं नव्हतं.

"मग तुमी हुता," मास्तर म्हणाले. "म्हटलं, टाकीतलं पाणी चुकलं तर कुणाचं नुकसान न्हाय. रोज मी माझं सांगायचं, क्षीरसागरनी त्यांचं सांगायचं. जेवडा फरक, तेवडा डोळा गेला. पाणी मापायला नळी हाय. मला मापायला तुमी."

आणि मी रोज शून्य फरक दाखवत होतो.

"ते गुलाबी झालं हुतं, आठवतंय?"

"आठवतंय."

"त्या दिवशी थेंबच टाकले न्हवते. साधं नळाचं पाणी."

मी कसंबसं विचारलं की तेव्हाच कळलं होतं, तर मला रोज बोलवत का राहिलात. मास्तर जरा हसले. म्हणाले, "माणूस भला हाय म्हटलं. आज न्हाय तर उद्या बोलंल."

त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. शांतक्का कप ठेवून गेल्या. त्यात साखर होती. दारामागून त्यांनी किती ऐकलं होतं ते मी कधी विचारलं नाही.

सोमवारी गिरणीत काय झालं ते मी इतरांकडून ऐकलं. मास्तरांनी लॉटचा पहिला तुकडा उत्तरेच्या खिडकीत टांगला, शेजारी व्यापाऱ्याचा नमुना टांगला, आणि अख्ख्या खात्याला बोलावलं. म्हणाले, या लॉटला मी पास देत नाही आणि नापासही करत नाही, मला हा रंग दिसत नाही. ज्याला दिसतो त्याने बोलावं, आणि माझ्याकडे बघून बोलू नये. मग तो भला असिस्टंट घसा खाकरून म्हणाला की अर्धी शेड हिरव्याकडे आहे. खरंच होती. लॉट थांबला, दुरुस्त झाला. मास्तरांना गिरणीने सुट्टी दिली आणि डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं. जागा ठेवू, असं म्हणाले. ते पाळतील की नाही हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, मास्तरांनाही नाही.

इकडे मी आणि शांतक्का मिळून टाकीचं निम्मं पाणी बदललं, बदामाची पानं भिजवली. नळीचं काम माझ्याकडे, डाळीचं त्यांच्याकडे. आठ दिवसांत तिन्ही मासे कोपरा सोडून फिरायला लागले.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी मी दुपारी दवाखान्यात गेलो. त्या वेळी मोतीबिंदू काढला की दोन्ही डोळे बांधून ठेवत आणि मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावत. मास्तर उताणे, सरळ पडले होते. खोकायचं नाही, हसायचं नाही, ही ताकीद. शांतक्का खाटेच्या कडेला स्टुलावर बसल्या होत्या.

"कोण? क्षीरसागर?" पावलांवरून त्यांनी ओळखलं. "पाणी?"

"कोवळ्या पोपटीच्या जरा पुढे. पण पोपटी म्हणता येणार नाही."

"खरं?"

"खरं."

ते समाधानाने हुंकारले. मी माशांचं सांगितलं, गिरणीतल्या लोकांनी विचारलेलं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी मला सांगितलं, पट्टी सुटल्यावर किती दिसेल ते आत्ता सांगता येत नाही. ते त्यांनी अगदी शेजारच्या गल्लीतली बातमी सांगावी तसं सांगितलं. मी शांतक्कांकडे बघितलं. त्यांनी पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. आवाज मुळीच नव्हता. तीन दिवस त्या तशाच बसल्या असाव्यात.

मास्तरांनी कानोसा घेतला.

"ही गप का हाय?" त्यांनी मला विचारलं. "रडतीय का?"

शांतक्कांनी माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवली, नाही म्हणा. हात जोडले.

"हो," मी म्हणालो. "रडताहेत."

"किती?"

मी पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. नीट बघितलं.

"खूप."

मास्तरांनी चादरीतून एक हात बाहेर काढला आणि हवेत पुढे केला. तो भलत्याच बाजूला, भिंतीकडे गेला, आणि तिथे काहीच लागेना म्हणून चाचपडत तसाच थांबला.

"डावीकडे, मास्तर," मी म्हणालो. "अजून. अजून थोडं."